तंटा कोणाचा आणि पंच कोण?

पुणे दरबार व पोर्तुगीज यांच्यामध्ये १७ डिसेंबर १७७९ रोजी एक तह झाला. सवाई माधवराव पेशवे त्या वेळी अवघे पाच वर्षांचे होते. कारभाराची सूत्रे नाना फडणिसांच्या हाती होती आणि इंग्रजांशी युद्ध चालू होते. पोर्तुगीजांनी स्नेहाने राहावे म्हणून दमणच्या बाजूची, सालीना बारा हजार रुपये वसुलाची गावे त्यांना लावून देण्याचे दरबाराने कबूल केले. पुढे १७८३ व १७८५ मधील सनदांनी ती गावे त्यांच्याकडे गेली. दादरा व नगर हवेली या नावाने जो मुलूख आज ओळखला जातो, तो हाच.

तहातील व सनदांतील शब्द दरबारच्या कारकुनांना नित्य परिचयाचे होते. परंतु सुमारे एकशेऐंशी वर्षांनंतर त्या शब्दांचा कीस दूर हेग शहरी पंधरा न्यायाधीश काढीत बसतील, हे लिहिणाऱ्याच्या स्वप्नीही आले नसेल. त्या न्यायाधीशांपैकी एकाचीही मातृभाषा मराठी नव्हती. ही गोष्ट महत्त्वाची होती काय? परक्यांचा तंटा सोडविणारा पंच कोण असावा, तो कोणत्या देशाचा, कोणत्या वळणाचा असावा, पुरुषच असावा की स्त्रीही चालेल, आणि त्याच्यापुढे उभा राहणारा वकील कोठून यावा, हे प्रश्न आज आंतरराष्ट्रीय न्यायाच्या क्षेत्रात पुनःपुन्हा विचारले जातात. त्यांचे मर्म समजण्यास या खटल्याइतके जवळचे उदाहरण मराठी वाचकांस दुसरे मिळणार नाही.

हकीकत थोडक्यात अशी. सन १९५४ च्या जुलै अखेरीस दादरा आणि ऑगस्टच्या आरंभी सिल्वासा ही ठाणी स्वयंसेवकांनी पोर्तुगीज अमलातून मुक्त केली. त्या मुक्तिसैनिकांत सुधीर फडके यांच्यासारखा गायकही होता, हे मराठी माणसास सांगावयास नको. दमणहून हवेलीकडे जावयाचे तर वाट भारताच्या मुलखातून, आणि ती वाट भारत सरकारने बंद केली. पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद झाला. १९ डिसेंबरला त्याने आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा अधिकार मान्य केल्याचे घोषित केले, आणि २२ डिसेंबरला भारतावर दावा लावला. इतकी तातडी त्या न्यायालयाने क्वचितच पाहिली असेल. मागणी अशी की, दमण व हवेली यांच्या दरम्यान माणसे, माल आणि वेळप्रसंगी शस्त्रधारी शिपाई नेण्याआणण्याचा हक्क आम्हांस आहे. आणि त्या हक्काचे एक मूळ म्हणून दाखविला गेला तो पुण्याचा १७७९ चा तह.

तेव्हा प्रश्न येऊन ठेपला तो एका शब्दाच्या अर्थावर. पुणे दरबाराने गावांचे राज्य दिले की गावांचा वसूल दिला? सरंजाम म्हणजे काय, हे मराठी मुलखातल्या कोणाही वृद्ध इनामदाराने दोन वाक्यांत सांगितले असते. सरंजाम मिळालेला सरदार वसूल खातो. राज्य धन्याचेच राहते. परंतु ज्या देशांत ही संस्थाच नव्हती, तेथील विद्वानाला ‘गावे दिली’ या शब्दांतून मुलूख तोडून दिल्याचा अर्थ सहज निघाला असता. हा दोष त्याच्या प्रामाणिकपणाचा नव्हे. ज्या घरात तो वाढला त्या घराचा म्हणावयाचा.

न्यायासनावर कोण होते ते पाहावे. अध्यक्ष क्लेस्टाड हे नॉर्वेचे. उपाध्यक्ष सर झफरुल्ला खान पाकिस्तानचे. पंजाबातून आलेल्या या गृहस्थांना ‘जहागीर’ या शब्दासाठी कोशाची गरज पडली नसावी. बाकीचे फ्रान्स, अमेरिका, पोलंड, इजिप्त, उरुग्वे, रशिया, अर्जेंटिना, मेक्सिको, चीन, ग्रीस व ऑस्ट्रेलिया या देशांचे. पक्षकार देशाचा न्यायाधीश आसनावर नसेल तर त्या खटल्यापुरता एक नेमण्याची मुभा न्यायालयाच्या घटनेत आहे. तीनुसार भारताने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश महंमद करीम छागला यांना आणि पोर्तुगालने फर्नांडिस यांना बसविले. निकालाच्या वेळी छागला हे अमेरिकेत भारताचे राजदूतही होते. आपल्याच सरकारच्या वकिलातीत असलेल्या माणसाने त्याच सरकारच्या खटल्यात न्यायाधीश व्हावे, याला आज कोणी हरकत घेतल्यावाचून राहणार नाही. पंधरांत स्त्री एकही नव्हती, आणि तशी कोणाची अपेक्षाही नव्हती.

आता वकिलांची बाजू. भारताचे अ‍ॅटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड हे प्रमुख. त्यांच्या जोडीला इंग्लंडचे सर फ्रँक सॉस्किस व प्राध्यापक वॉल्डॉक, स्वित्झर्लंडचे प्राध्यापक गुगेनहाइम, आणि बेल्जियमचे आंरी रोलँ. पोर्तुगालच्या बाजूस उभे होते प्राध्यापक मोरिस बुरकँ. हेही बेल्जियमचेच. म्हणजे सिल्वासाची वाट कोणाची, या वादात दोन्हीकडून एकेक बेल्जियन पंडित फ्रेंच भाषेत भांडत होता. यात विनोद दिसतो खरा; पण त्यामागचे कारण साधे होते. या न्यायालयाच्या भाषा दोनच, इंग्रजी व फ्रेंच. तेथील कामाची रीत जाणणारे लोक युरोपातील मोजक्या विद्यापीठांतून आलेले, आणि एकमेकांना नावाने ओळखणारे. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशास आपला दावा मांडावयाचा तर त्या मंडळींपैकीच कोणाचे तरी दार ठोठवावे लागे.

निकाल १२ एप्रिल १९६० रोजी लागला. पुण्याच्या तहाविषयी न्यायालयाने भारताचे म्हणणे उचलून धरले. तहातल्या त्या कलमाचे निरनिराळे पाठ न्यायाधीशांपुढे होते. ते तपासून त्यांनी ठरविले की, दिलेले होते ते बारा हजारांच्या वसुलाचे. सनदांत ‘जहागीर’ वा ‘सरंजाम’ असे स्पष्ट आहे. आणि मराठ्यांच्या अशा देणगीचा अर्थ राज्य तोडून देणे असा केल्याचे एकही उदाहरण पुढे आलेले नाही. जेथे कायमचे राज्य द्यावयाचे तेथे मराठ्यांनी तशी वेगळी भाषा वापरलेली आहे, हेही त्यांच्या नजरेतून सुटले नाही. परक्यांनी आपल्या दप्तराचा इतका बारकाईने अर्थ लावावा, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र पुढची पायरी भारताच्या विरुद्ध गेली. मराठी राज्य बुडाल्यावर इंग्रजांनी पोर्तुगीजांची सत्ता वहिवाटीने मान्य केली, आणि स्वतंत्र भारतानेही तोच क्रम पत्करला, असे न्यायालयास वाटले. सबब खाजगी माणसे, मुलकी अधिकारी व माल यांना वाट असण्याचा हक्क ११ विरुद्ध ४ मतांनी मान्य झाला; सैन्य, सशस्त्र पोलीस व दारूगोळा यांना तो हक्क नाही, हे ८ विरुद्ध ७ मतांनी ठरले; आणि १९५४ मध्ये भारताने वाट बंद केली यात कर्तव्यभंग झाला नाही, असे ९ विरुद्ध ६ मतांनी. छागला व फर्नांडिस या दोघांनीही आपापली विरोधी मतपत्रे जोडली, अर्थातच उलट दिशांनी.

सैन्याच्या प्रश्नावर अंतर एका मताचे होते. एका न्यायाधीशाचे मत पालटते तर उत्तर उलटे झाले असते. मग तो न्यायाधीश कोण, कोठून आला, कोणत्या पुस्तकांवर वाढला, याची चौकशी करणे गैर कसे म्हणावे?

येथे एक समज दूर केला पाहिजे. न्यायासनावर तऱ्हेतऱ्हेचे लोक हवेत असे म्हटले की, प्रत्येकाला आपापला माणूस बसवावयाचा आहे असे काहींना वाटते. आपला माणूस आपल्या बाजूने मत देईल. त्याचे त्यांना देईल. दोघांची वजाबाकी शून्य. तेवढ्यासाठी एवढा खटाटोप नको. खरे कारण वेगळे आहे. आंतरराष्ट्रीय निवाड्यामागे बेलिफ नाही, जप्ती नाही, तुरुंग नाही. हरणाऱ्याने मुकाट्याने मान्य केला तरच तो निवाडा जिवंत. आणि मनुष्य हार मान्य करतो ती आपले म्हणणे समजून घेणारे कोणी तरी तेथे होते अशी त्याची खात्री असेल तेव्हा.

महाराष्ट्राच्या जुन्या न्यायपद्धतीला हे चांगले ठाऊक होते. वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला म्हणजे देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी यांच्याबरोबर बलुतेदारही हजर असत. सिवेच्या तंट्यात महाराची साक्ष मोलाची, कारण गावची सीव त्याच्या पायाखालची. महजरावर लिहिता येणाऱ्याची सही आणि न येणाऱ्याची निशाणी पडे. कुणब्याचा नांगर त्यात ठळक दिसतो. गावच्या गोतावर भरवसा नसेल तर दुसऱ्या ठिकाणच्या गोतापुढे तंटा न्यावा अशी मागणी करता येई. निवाडा झाल्यावर हरणाऱ्याकडून येजितखत लिहून घेत, म्हणजे आपण हरलो हे त्याने स्वहस्ते द्यावयाचे. त्या समाजात समता नांदत होती असे मुळीच नाही. न्याय सांगणाऱ्यांत स्त्री जवळजवळ दिसतच नाही, आणि साक्षीपुरता बोलावलेला महार साक्ष संपताच पुन्हा वेशीबाहेर जाई. तथापि हरणाऱ्याची संमती ज्या न्यायाला हवी, त्याला सभेत माणसेही निरनिराळी लागतात, एवढे त्या कारकुनांना उमगले होते.

युरोप व अमेरिका यांना हा अनुभव १८७२ साली आला. अमेरिकेतील यादवी युद्धात दक्षिणेकडील बंडखोरांसाठी ‘अलाबामा’ हे जहाज इंग्लंडात बांधले गेले आणि त्याने उत्तरेच्या व्यापाराचा विध्वंस केला. त्या नुकसानीचा तंटा जिनीव्हास पाच पंचांपुढे गेला. एक अमेरिकन, एक इंग्रज, आणि तिघे त्रयस्थ: इटलीचे काउंट स्क्लोपिस, स्वित्झर्लंडचे श्टेम्प्फ्ली व ब्राझीलचे इताजुबा. निवाडा इंग्लंडच्या विरुद्ध गेला. इंग्रज पंच सर अलेक्झांडर कॉकबर्न यांनी त्यावर सही करण्याचे नाकारले. परंतु त्या काळची सर्वांत बलाढ्य सत्ता असूनही इंग्लंडने दीड कोटीहून अधिक डॉलर मोजून दिले. आधुनिक लवादाची प्रतिष्ठा तेथून सुरू झाली असे मानतात.

जपानचा अनुभव मात्र कडू होता. परदेशी व्यापाऱ्यांना पूर्वीच्या तहांनी जपानी बंदरांत कायमच्या भाडेपट्ट्याने जमिनी दिलेल्या होत्या. जमिनीवर कर नाही हे खरे. पण तिच्यावर बांधलेल्या घरांवर कर बसविता येईल की नाही? इंग्लंड, फ्रान्स व जर्मनी एका बाजूस, जपान दुसऱ्या बाजूस. लवाद हेगला बसला. पंच तीन: फ्रान्सचे लुई रेनो, जपानचे मोतोनो, आणि सरपंच नॉर्वेचे ग्राम. मे १९०५ मध्ये दोन विरुद्ध एक मताने जपान हरले. विरोधी मत मोतोनो यांचे. रेनो हे मोठे कायदेपंडित होते, आणि निवाडा सर्वस्वी चूक होता असेही कोणी सिद्ध केलेले नाही. परंतु त्याच महिन्यात रशियन आरमाराचा धुव्वा उडविणाऱ्या जपानला हेगच्या दिवाणखान्यात दोन युरोपियनांपुढे आपला एकच माणूस दिसला. पुढे दीर्घकाळ ते राष्ट्र लवादापासून अंग राखून राहिले.

याहून बोलके उदाहरण अबू धाबीचे आहे. तेथील शेखाने १९३९ साली एका इंग्रज तेल कंपनीला मक्ता दिला. समुद्राच्या तळाशीही तेल आहे असे पुढे कळले, तेव्हा तो तळ मक्त्यात येतो की नाही यावर वाद झाला. सन १९५१ मध्ये इंग्रज न्यायाधीश लॉर्ड अ‍ॅस्क्विथ यांनी निवाडा दिला. करार अबू धाबीत झाला, काम तेथेच व्हावयाचे, तेव्हा कायदा तेथलाच लागावयाचा, हे त्यांनी आधी मान्य केले. लगेच म्हटले की, असल्या आधुनिक व्यवहारास लावता येईल असा कायदा तेथे नाहीच. म्हणून सुधारलेल्या राष्ट्रांना मान्य अशी तत्त्वे लावली पाहिजेत. ती तत्त्वे शोधता शोधता ते पोहोचले इंग्लंडच्या कायद्यापाशी. इस्लामी धर्मशास्त्रातील कराराचे नियम हजार वर्षांच्या चर्चेतून घडलेले आहेत. ते असल्या व्यवहारास पुरेसे की अपुरे, हे ठरविण्याआधी ते जाणणाऱ्याने ते समजावून द्यावयास हवे होते. गंमत अशी की, निवाडा शेखाच्या पुष्कळसा बाजूनेच गेला. किनाऱ्याजवळच्या राजकीय हद्दीपलीकडचा तळ मक्त्यात नाही असे ठरले. तरीही अरब कायदेपंडितांनी ते शब्द पुढे कित्येक दशके विसरले नाहीत. जिंकलेल्यालाही अपमान वाटावा असा तो निवाडा होता.

हेगच्या न्यायालयालाही असाच धक्का बसला. इथिओपिया व लायबेरिया यांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नैर्ऋत्य आफ्रिकेचा, म्हणजे आजच्या नामिबियाचा, दावा लावला होता. जुलै १९६६ मध्ये मते सात-सात अशी पडली, आणि अध्यक्ष सर पर्सी स्पेंडर यांच्या निर्णायक मताने दावा फेटाळला गेला. कारण असे दिले की, दावा लावणाऱ्यांना तो लावण्याचा हक्कच पोहोचत नाही. हे स्पेंडर १९६० च्या भारताच्या खटल्यातही बसलेले होते. त्या वेळचे झफरुल्ला खान मात्र या वेळी आसनापासून दूर राहिले. वादी पक्षाने एकदा त्यांचे नाव आपल्यातर्फे सुचविले होते, एवढ्यावरून त्यांनी बसू नये असे त्यांना सांगण्यात आले. आशिया-आफ्रिकेत त्या निकालाने संताप उसळला, आणि पुढील निवडणुकांत न्यायाधीश निवडताना कोणत्या खंडाच्या वाट्याला किती जागा हा प्रश्न ऐरणीवर आला. जगातील प्रमुख संस्कृती व प्रमुख कायदेपद्धती यांना आसनावर स्थान असावे, हे न्यायालयाच्या घटनेत पहिल्यापासून लिहिलेले आहे. लिहिलेले अमलात यावे म्हणून मात्र एक मोठा अन्याय व्हावा लागला.

भारत व पाकिस्तान यांनी कच्छच्या रणाचा तंटा सोडविताना वेगळा मार्ग धरला. ३० जून १९६५ च्या करारानुसार पंचांत भारतीय नको, पाकिस्तानीही नको, असे ठरले. भारताने युगोस्लाव्हियाचे बेब्लर यांचे नाव दिले, पाकिस्तानने इराणचे एंतेझाम यांचे; सरपंच स्वीडनचे लागरग्रेन. पुराव्याचे कागद कच्छच्या दरबाराचे, सिंधच्या कमिशनरचे, इंग्रज मोजणीदारांचे, बैठका जिनीव्हास. फेब्रुवारी १९६८ मध्ये वादग्रस्त मुलखाचा सुमारे एक-दशांश भाग पाकिस्तानला मिळाला, तोही दोन विरुद्ध एक मताने. बेब्लर यांचे मत भारताच्या बाजूचे. देशात गदारोळ झाला, सत्याग्रह झाले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पण सरकारने दिलेला शब्द पाळला आणि सीमेच्या खुणा रोवल्या गेल्या. पंच निवडण्यात आपलाही हात होता, ही गोष्ट सरकारला त्या कठीण दिवसांत उपयोगी पडली असणार.

हे झाले राष्ट्रांचे तंटे. आज संख्येने कितीतरी अधिक तंटे व्यापारी कंपन्यांचे, किंवा परदेशी भांडवलदार व सरकार यांच्यामधले असतात. त्यांत बहुधा एक पंच वादी निवडतो, एक प्रतिवादी, आणि तिसरा ते दोघे मिळून किंवा लवादसंस्था नेमते. कोट्यवधींचा दावा हाती असलेला वकील नवख्या नावाचा जुगार खेळत नाही. निवाडे बहुतेक गुप्त राहतात. तेव्हा कोणता पंच कसा आहे हे छापील अहवालांतून कळत नाही, ते लंडन, पॅरिस, जिनीव्हा, न्यूयॉर्क येथील थोड्या पेढ्यांतून तोंडोतोंडी फिरते. ज्याला काम मिळाले त्यालाच पुन्हा मिळते. दाराला कुलूप नाही, पण दार कोठे आहे हे बाहेरच्याला सापडत नाही.

हे नुसते अनुमान नव्हे. आंतरराष्ट्रीय व्यापारी लवाद मंडळाने नेमलेल्या अभ्यासगटाच्या २०२० च्या अहवालात आकडे आहेत. पंचांच्या नेमणुकांत स्त्रियांचे प्रमाण २०१५ साली शंभरात सुमारे १२ होते, ते २०१९ साली सुमारे २१ झाले. आणि २०२२ मधील सुधारित अहवालाप्रमाणे २०२१ साली सुमारे २६. वाढ झाली, यात संशय नाही. परंतु त्या २०१९ च्या आकड्याची फोड केली म्हणजे खरी गोष्ट दिसते. लवादसंस्थांनी केलेल्या नेमणुकांत स्त्रिया शंभरात ३४, दोन पंचांनी मिळून केलेल्या नेमणुकांत २१ ते २२, आणि पक्षकारांनी स्वतः केलेल्या नेमणुकांत केवळ १४. जो पैसे मोजतो तो जुनी वाट सोडावयास सर्वांत शेवटी तयार होतो. भांडवलदार विरुद्ध सरकार अशा लवादांत तर फ्रान्सच्या ब्रिजित स्तेर्न आणि स्वित्झर्लंडच्या गाब्रिएल काउफमान-कोलर या दोन विदुषींच्याच वाट्याला स्त्रियांच्या नेमणुकांचा मोठा हिस्सा दीर्घकाळ येत होता. दोघींची योग्यता वादातीत. पण दोनच नावे पुनःपुन्हा येत राहिली, याला बदल म्हणणे जड जाते. सन २०१६ मध्ये या क्षेत्रातील मंडळींनी एक जाहीर प्रतिज्ञा केली की, पंचांच्या याद्या करताना स्त्रियांची नावे समान न्यायाने विचारात घेऊ. आकडे वाढले त्यात तिचा काही वाटा असावा.

हेगच्या न्यायालयात पहिली स्त्री न्यायाधीश निवडून येण्यास १९९५ साल उजाडावे लागले. त्या इंग्लंडच्या रोझालिन हिगिन्स. २००६ ते २००९ त्या अध्यक्षही होत्या. चीनच्या श्वे हानचिन व युगांडाच्या जुलिया सेबुतिंदे त्यानंतर आल्या. समुद्रविषयक कायद्याच्या हँबर्ग येथील न्यायाधिकरणावर २०१७ मध्ये नीरू चढ्ढा निवडून आल्या. भारतातून तेथे गेलेल्या त्या पहिल्या स्त्री. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आणखी एक नवल घडले. हेगच्या शेवटच्या एका जागेसाठी भारताचे दलवीर भंडारी व इंग्लंडचे सर क्रिस्टोफर ग्रीनवुड यांच्यात अनेक फेऱ्या झाल्या, आणि इंग्लंडने माघार घेतली. न्यायालय स्थापन झाल्यापासून इंग्लंडचा न्यायाधीश आसनावर नाही, असे प्रथमच झाले.

याच प्रश्नाची दुसरी बाजूही आहे, आणि ती मुंबईच्या खोजा समाजाला विशेष जवळची. दोन इस्माइली व्यापाऱ्यांनी १९८१ साली करार केला, त्यात पंच इस्माइली समाजाचेच असावेत अशी अट होती. तंटा झाल्यावर एकाने बाहेरचा इंग्रज न्यायाधीश पंच म्हणून सुचविला, आणि धर्मावरून भेदभाव करणारी ही अट बेकायदा आहे असा मुद्दा काढला. लंडनच्या अपील न्यायालयाने तो मान्य केला. परंतु २०११ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरविला. पंच हा पगारी नोकर नव्हे, सबब नोकरीतील भेदभावाचा कायदा त्याला लागू नाही, आणि आपल्या समाजातील वडीलधाऱ्यांनी न्याय करावा अशी इच्छा दोन पक्षांनी धरण्यात गैर काही नाही. म्हणजे एकाच प्रकारची माणसे बसविणे नेहमीच अन्यायाचे असते असे नाही. दोघेही एकाच अंगणातले असतील तर अंगणातलाच पंच शोभतो. एकाचे अंगण दुसऱ्याला परके असते, तेथेच खरी अडचण येते.

वकिलांच्या बाबतीत बदल अधिक सावकाश होत आहे. हेगची भाषा अजूनही इंग्रजी व फ्रेंच हीच. लहान देशांना महिनोन्‌महिने पथक पोसणे परवडत नाही. भारतातही दोन्हीकडून अडसर होते: येथील व्यापारी लवादांत पंच म्हणून निवृत्त न्यायाधीशांनाच पसंती मिळत आली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने पंचाच्या पात्रतेची जी यादी कायद्यात घातली तिच्यामुळे परदेशी पंचाला येथे बसता येईल की नाही याची शंका उत्पन्न झाली. ती यादी पुढे २०२० च्या वटहुकुमाने व २०२१ च्या कायद्याने काढून टाकण्यात आली.

कुलभूषण जाधव यांच्या खटल्यात मात्र १९६० च्या तुलनेने चित्र पालटलेले दिसले. पाकिस्तानने हेर म्हणून फाशीची शिक्षा ठोठावलेल्या या महाराष्ट्रीय निवृत्त नौदल अधिकाऱ्यासाठी भारत हेगला गेला, तेव्हा भारताची बाजू मांडली ती नागपूरच्या घराण्यातील हरीश साळवे यांनी. एक रुपया मानधनावर ते उभे राहिले होते. या वेळी बेल्जियमच्या पंडिताचे दार ठोठवावे लागले नाही. पाकिस्तानच्या बाजूने लंडनमध्ये वकिली करणारे खावर कुरेशी बोलले. अध्यक्ष होते सोमालियाचे अब्दुलकावी युसुफ, उपाध्यक्ष श्वे हानचिन, आणि आसनावर तीन स्त्रिया. निकाल १७ जुलै २०१९ रोजी लागला. वकिलातीच्या अधिकाऱ्यांना जाधवांस भेटू न देणे हा व्हिएन्ना कराराचा भंग आहे, आणि शिक्षेचा परिणामकारक फेरविचार झाला पाहिजे, असे १५ विरुद्ध १ मतांनी ठरले. विरोधी मत पाकिस्तानने नेमलेले न्यायाधीश जिलानी यांचे. पंधरांत मोरोक्को, लेबॅनन व सोमालिया या मुस्लिम देशांचे न्यायाधीश होते, आणि पाकिस्तानची मित्र असलेल्या चीनच्या न्यायाधीशही. आपल्याला समजून घेणारे तेथे कोणीच नव्हते, असे म्हणण्यास पाकिस्तानला जागा उरली नाही. सन २०२१ मध्ये तेथील संसदेने फेरविचाराची वाट मोकळी करणारा कायदा केला.